तळमजल्यावरचा फ्लॅट

सोसायटीच्या सेक्रेटरीला मान कसलाच नसतो. टाकी भरली का बघायचं आणि सगळ्यांची बोलणी खायची. तरी सहा वर्षं मीच आहे, कारण दुसरं कोणी तयार होत नाही.

आमच्या बदलापूरच्या इमारतीतला तळमजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला, तेव्हा मी आपणहून मित्राला कळवलं. अंबरनाथच्या कारखान्यात आम्ही बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला. श्रावणात तो माझ्यासमोर मटण उघडायचा नाही, रमजानमध्ये मी त्याच्यासमोर चहा घ्यायचो नाही. हे कधी ठरवलं नव्हतं. त्याची बायको गुडघ्यांनी बेजार. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन महिने ती खाली उतरली नव्हती. फ्लॅट बघायला भाच्यांनी तिला खुर्चीत बसवून उतरवलं. इथल्या अंगणात ती स्वतःच्या पायांनी चार पावलं चालली आणि हसली.

विक्रीला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. कमिटी बसली.

"माणूस चांगलाच असणार हो, प्रश्न त्याचा नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण एकदा मुसलमानाला दिलं की उद्या रांग लागेल."

मी म्हटलं, मग नकार वहीत लिहू या. सगळे असे बघायला लागले, जणू मी शिवीच दिली.

"लिहायचं कशाला? कायद्यात अडकू. तुमचे मित्र आहेत, तुम्हीच सांगा काहीतरी."

मी भांडलो नाही. भांडायला हवं होतं, हे तेव्हाही कळत होतं. पण भांडून पुन्हा त्याच जिन्यात रोज तीच तोंडं बघायची, याचा कंटाळा आला. कंटाळाच. भीती म्हटलं असतं तर जरा बरं दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. "अरे, तो फ्लॅट गेला. मालकाने परस्पर दुसऱ्याला दिला."

"मालक आत्ताच माझ्याकडे चहा पिऊन गेला."

मी टाकीच्या पाण्याचं काहीतरी बोलायला लागलो.

"टेन्शन नको घेऊ यार," तो म्हणाला. "घरी सांगतो, मलाच पसंत नाही पडला. तुझ्यावर नाही येऊ देणार."

त्यानंतर आठ दिवस त्याची बायको त्याच्याशी बोलली नाही. हे मला त्याच्या भाच्याकडून कळलं.