मुकुंदमामांची तयारी

मुकुंदमामा जेवायला बसले की पानाशेजारी तीन मोबाइल मांडत. क्रिप्टोचा भाव ठरवलेल्या आकड्याखाली गेला की तिन्ही एकदम वाजत आणि मामा उष्ट्या हाताने उठत. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीला तो कर्कश आवाज पाठ झाला होता. "बाजार सांगून पडत नाही, पोरी," ते मला ऐकवत. "आपण आधी तयार असावें."

मामा वीजखात्यातून निवृत्त झालेले. तिरुवैयारुकडची भाताची जमीन विकली, तेव्हा त्यातला मोठा भाग त्यांनी क्रिप्टोत घातला. मामींना विचारले नाही, घातल्यावर सांगितले.

मला चीड यायची ती त्यांच्या तयारीची, कारण ती नेहमी मागच्या धक्क्याची असे. एकदा भाव कोसळत असताना वीज गेली, म्हणून इन्व्हर्टर आला. पुढच्या वेळी वीज होती, पण नेट गेले. मग दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड आले. नंतर तर ज्या अॅपवर त्यांची सगळी नाणी होती, त्या अॅपनेच पैसे काढणे बंद केले. ते पुन्हा सुरू होईपर्यंत मामांना धड जेवण गेले नाही. सुरू होताच त्यांनी सगळी नाणी पेनड्राइव्हएवढ्या एका यंत्रात हलवली. ते पिनशिवाय उघडत नाही, आणि पिन विसरला तर शब्दांची एक लांबलचक ओळ लागते. मामांनी दोन्ही पाठ केले आणि ते लिहिलेला कागद जाळून टाकला.

निदान मामींना तरी सांगून ठेवा, म्हणून मी कितीदा डोकेफोड केली. ते शांतपणे कपाळावर बोट ठेवत. "कागद चोरीस जातो. माणूस कुठें तरी बोलून बसतो. अस्कं इथें आहे." अस्कं म्हणजे आमच्या तंजावुरी मराठीत सगळे. पुढे वाद घातला की मामी मलाच गप्प करत.

मागच्या वर्षी एका सकाळी, बाजार स्वस्थ आणि तिन्ही मोबाइल मुके असताना, मामा पूजेची फुले तोडता तोडता अंगणात कोसळले. पक्षाघात. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समोरच्याचे बोलणे मात्र त्यांना कळत होते.

औषधपाण्याला पैसे हवे होते. मी यंत्र त्यांच्या डाव्या हातात दिले. त्यांनी बराच वेळ ते न्याहाळले आणि आकडे दाबले. चुकले. पुन्हा दाबले, पुन्हा चुकले. फार चुका झाल्या तर यंत्र आतले सगळे पुसून टाकते. शेवटची एकच संधी उरल्याचे पडद्यावर दिसले, तेव्हा मी ते हिसकावूनच घेतले. मामा माझ्याकडे बघत राहिले. मला ओरडावेसे वाटत होते, पण ओरडणार कोणावर?

मामींनी यंत्र कपाटात ठेवले. "गेलें कुठें आहे तें?" त्या म्हणाल्या. "त्यांच्याजवळच आहे की." मला त्यांचाही राग आला.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले, की लहानपणापासून घोकलेले आधी परत येते, रोज आकडे म्हणवून घ्या. आता सकाळी मामी त्यांना ओट्यावर बसवतात आणि ते तमिळमध्ये म्हणतात, "ओण्णु, रेंडु, मूणु..." थेट दहापर्यंत, स्पष्ट, एकदाही न अडखळता. मामी कौतुकाने मान डोलावतात. मी आत कपाटाशी उभी राहून ऐकते. सगळे आकडे येतात. आम्हाला हवा तो क्रम तेवढा येत नाही.