जपूनताईची हाक

ऑफिसात तिला सगळे जपूनताई म्हणायचे, आणि उगाच नाही हं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. ही बाई साधं पाणीही फुंकून प्यायची!

वृद्धनिवासातल्या बेलचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. खोलीत बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर हाक जायची. प्रोग्रामवाले त्याला इव्हेंट म्हणतात. कोण ऐकतंय, म्हणजे कोणत्या सिस्टरची कॉम्प्युटरवरची खिडकी उघडी आहे, याची एक यादी असते. ती रिकामी असताना हाक मारली, तर अख्खा प्रोग्राम कोसळतो. म्हणून ताईचा प्रोग्राम आधी यादीची नक्कल घ्यायचा, कारण बघताबघता एखादी सिस्टर खिडकी बंद करून जायची. मग नकलेत कोणी असलं तरच हाक, नाहीतर गप्प. प्रोग्राम एकदाही कोसळला नाही, याचा ताईला केवढा तोरा!

पुढे गुडघे गेले म्हणून तिचे बाबा त्याच निवासात राहायला आले. एका संध्याकाळी ती भेटायला गेली, तर बाबा फरशीवर, भिंतीला टेकून बसलेले. हातात बेलचं बटण.

"अगंबाई! बाबा, कधी पडलात?"

"झाला थोडा वेळ. तुझा प्रोग्राम भारी शहाणा आहे हं. इतकं दाबलं, पण हूं नाही की चूं नाही."

तिने जोरात सिस्टरला हाक मारली. सिस्टर धावत आली, दोघींनी मिळून त्यांना उचललं. नशीब, हाड शाबूत होतं.

"ताई, माझी ड्यूटी संपली होती," सिस्टर रडवेली झाली. "खिडकी बंद करून मी दुसऱ्या सिस्टरची वाट बघत बाहेरच्या दारात उभी होते."

म्हणजे यादी रिकामी, आणि प्रोग्राम ठरल्याप्रमाणे गप्प. प्रोग्राम पडला नाही, बाबा पडले. ताईला रडूच फुटलं.

डोळे पुसून ती सिस्टरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपुढे बसली. जिथे 'गप्प' लिहिलं होतं, तिथे तिने व्हरांड्यातली मोठी घंटा जोडली. ऐकणारं कोणी नसेल, तर कोणीतरी येईपर्यंत ती ठणाणा करणार.

दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा आली होती, आणि ड्यूटी बदलताना घंटा झाली. सिस्टर, स्वयंपाकीण, माळी आणि सगळ्यांच्या पुढे ताई, सगळे धावले. बाबा पलंगावर आरामात बसलेले.

"काय झालं बाबा?"

"काही नाही गं. कोणी आहे का, बघत होतो."

रागवायला उघडलेलं तोंड तिने मिटलं आणि त्यांचा हात धरला.

"आहे, बाबा."

"मग ती घंटा बंद कर आधी," बाबा म्हणाले, पण हात काही सोडेनात.