बाबा आणि सिमेंटचा दिवा

जेवणाच्या टेबलावर टांगायला सिमेंटचा दिवा मी हौसेने मागवला. राखाडी, गुळगुळीत, ना रंग ना नक्षी. नवरा म्हणाला, "बिल्डरने काम अर्धवट सोडल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, तुला काय कळतंय! खरं तर हौस बाबांसाठी होती. बाबा तळवलीचे गवंडी. घणसोलीतल्या कितीतरी भिंतींवर त्यांची थापी फिरलेली. आई गेली, त्यांचं विसरणं वाढलं, तेव्हा मी त्यांना माझ्या फ्लॅटवर आणलं. वाटलं, सिमेंट डोळ्यासमोर असलं की त्यांना इथे परकं वाटणार नाही.

तेव्हा एकच प्रश्न आमचा जीव खायचा. सकाळी उठले की बाबा विचारायचे, "तुजी आय कुठं हाय?" मी खरं ते सांगायचे. ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ढसाढसा रडायचे आणि दुपारी पुन्हा तेच विचारायचे. डॉक्टर म्हणाले, विषय बदला. जणू काही हा चॅनल होता! मला राग यायचा, आणि तो कुणावर काढायचा तेही कळायचं नाही.

दिवा लागला त्याच्या दुसऱ्या सकाळी किचनमधून बाहेर आले, तर बाबा खुर्चीवर उभे आणि मगाने दिव्यावर पाणी मारतायत. धावत जाऊन मेन स्विच बंद केला, त्यांना खाली घेतलं. ते माझ्यावरच खेकसले. "पानी नको मारायला? तडे जातील ना!"

पाण्याचा मग लपवून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी पातेलं घेतलं. नवरा म्हणाला, दिवा काढून टाकू. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याची वाट बघत बाबांबरोबर चहा पिताना माझ्या लक्षात आलं की दिवा आल्यापासून त्यांनी आईचं विचारलंच नव्हतं. न राहवून मीच विषय काढला. "बाबा, आईची आठवण येत नाही?"

त्यांनी वर बोट दाखवलं. "घर वलं हाय अजून. पक्कं झालं का आनतो तिला नावड्यावरनं."

नावडं आईचं माहेर. तळवलीचं घर बांधलं तेव्हा मी तान्ही होते. ओल्या घरात बाळंतीण आणायची नाही, म्हणून बाबांनी आम्हा दोघींना तिकडेच ठेवलं होतं. एकटे भिंतींना पाणी मारत राहिले आणि घर पक्कं झाल्यावरच न्यायला आले. आईच सांगायची हे, कौतुकाने.

इलेक्ट्रिशियन आला. मी त्याच्याकडून फक्त बल्ब आणि वायर काढून घेतली, दिवा हुकाला तसाच ठेवला. "मॅडम, मग उजेडाचं काय?" त्याने विचारलं. ट्यूबलाइट आहे, म्हटलं.

आता सकाळी मी टेबलावर परात ठेवते, खुर्ची धरते आणि बाबा पाणी मारतात. झालं की आशेने माझ्याकडे बघतात. गवंड्याची मुलगी आहे मी, पक्कं सिमेंट मला कळतं. तरी मी दिव्यावरून हात फिरवते आणि मान हलवते.

"अजून कच्चं आहे, बाबा."