खापरं धुणाऱ्या बाई

पश्चिम खानदेशात तापीकाठी उत्खनन चाललं होतं, तेव्हा मी तिथे नोंदी ठेवणारा कारकून होतो. खापरं धुवायला शेजारच्या गावातल्या एक बाई यायच्या. त्या ब्रश कधी वापरत नसत. सारं अंगठ्याने हळूहळू चोळत आणि चोळताना स्वतःशीच पुटपुटत.

एकदा वीतभर मातीची स्त्रीमूर्ती निघाली. तिचं डोकं तुटलेलं होतं. साहेब म्हणाले, "मातृदेवता. तसंच लिहा."

साहेब गेल्यावर बाई म्हणाल्या, "भाऊ, हाई देवी नही शे. कंबरपाशी घसायेल शे, देखा. एखादी पोर हातमा धरीसन हिंडनी व्हई."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मन्ही पोरले बी मी अशीच बाहुली करी देल व्हती. ती गयी, तवय तिन्हासंगेच पुरी टाकी."

मूर्ती पदराने टिपत त्यांनी विचारलं, "हाई सापडनी तठे बारीक हाडं व्हतात का?"

त्याच खड्ड्यात लहान मुलाची हाडं निघाली होती. मी "नाही" म्हणालो.

"बरं झायं," म्हणून त्यांनी पुढचं खापर पाण्यात घेतलं.

नोंदवहीत मी मातृदेवताच लिहिलं.