बहिऱ्याचं सोंग

छप्पन्न साली वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा ओव्हाळांच्या घरातले देव बंडगार्डनच्या पुलावरून नदीत गेले, आणि दशरथने पुढे आयुष्यभर कुठल्या देवापुढे हात जोडले नाहीत. एका शब्दापुढे मात्र तो मान तुकवायचा. तो शब्द म्हणजे पर्मनंट.

ज्याने उद्याची चूल पेटेल की नाही या विचारात रात्र काढलेली नाही, त्याला या शब्दाची गोडी सांगून कळायची नाही. दशरथचा बाप रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होता. सकाळी मुकादमाने बोट दाखवलं तर काम, नाहीतर आल्या पावली घरी. दशरथ येरवड्याच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत होता, रोज प्रार्थना सांगायचा मान त्याचा, कारण त्याच्यासारखा खणखणीत गळा शाळेत दुसरा नव्हता. तो नववीत असताना बापाच्या पाठीवर पोतं आलं आणि पाठ कायमची बसली. गुरुजी घरी आले, खाटेकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "गळा आहे, डोकंही आहे. घरात दाणा नाही, त्याला मी काय करू?" दशरथची शाळा तिथे संपली. बाप पुढे बरीच वर्षं त्या खाटेवर पडून होता, आणि आईने ताट सरकवताना त्याच्याकडे बघणंही सोडून दिलं होतं. ते दशरथने रोज पाहिलं.

मग नगर रस्त्यावरची फोर्जिंगची कंपनी. लालभडक लोखंड सांडशीत धरून हॅमरखाली द्यायचं, वरून घाव पडायचा आणि पायाखालची जमीन हलायची. नवा माणूस पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी कान दाबून उभा राहतो. महिन्याभरात हात आपोआप खाली येतात. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, ते लोक खिशात ठेवायचे. बोळे घालणारा तो बायकी, अशी तिथली अक्कल. बोलायचं ते ओठ हलवून आणि बोटांच्या खुणांनी. कोण शिवी देतंय आणि कोण तंबाखू मागतंय हे दशरथला भट्टीच्या पलीकडून नुसत्या तोंडावरून कळायचं. तीन वर्षं अशी काढल्यावर तो पर्मनंट झाला. राधाच्या वडिलांनी लग्न ठरवताना मुलाचे नाकडोळे पाहिले नाहीत. कंपनीचा पास तेवढा हातात घेतला, शिक्का नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाले, "मुलगा पसंत आहे."

आता सुखाचे दिवस म्हणायचे तर तेच. दोन खोल्यांचं पक्कं घर झालं, सौरभ झाला, आणि एप्रिलमध्ये जयंतीला वस्तीच्या गायनपार्टीत पहिला आवाज दशरथचा. त्याने तान घेतली की मागच्या गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून यायच्या. पण पुढे पुढे पेटीवाल्याशी त्याचे खटके उडू लागले. दशरथ म्हणे पेटी बेसूर झालीय. पेटीवाला दुसऱ्यांकडे बघे. एका वर्षी पोरांनी परस्पर दुसरा गायक आणला. "आजकालच्या पोरांना सूर म्हणजे काय ते माहीत नाही," असं म्हणून दशरथ घरी बसला. त्याला वाईट फार वाटलं, पण ते त्याने कुणाला दाखवलं नाही.

नव्वदनंतर कंपनीत टायवाले साहेब आले. जुने साहेब शिव्या द्यायचे, हे देत नसत. त्यामुळे लोक जास्त घाबरले. युनियनचा रामदास एका दुपारी कॅन्टीनमध्ये दशरथसमोर येऊन बसला आणि ओठांनीच म्हणाला, "नव्या करारात वारसाचं कलम जातंय." कलम सोपं होतं. कामगार आजारपणाने कामाला नालायक ठरला, तर त्याच्या जागी त्याचा मुलगा घ्यायचा. दिवाळीनंतर ते बंद. ज्याला पोरगा लावायचा असेल त्याने त्याआधी काय ते करावं.

सौरभ तेव्हा बारावी झाला होता. मार्क चांगले पडले होते आणि त्याला कॉम्प्युटरच्या कोर्सला सीट मिळाली होती. घरात त्या मशीनचं चित्रही कुणी नीट पाहिलं नव्हतं.

"टीव्हीपुढे बसून टाइपिंग करायचं, हे काय काम झालं?" दशरथ म्हणाला. "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. मी बहिऱ्याचं सोंग घेतो, तू माझ्या जागी लाग."

"बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं," राधा म्हणाली. "ठोका म्हणून नाही सांगितलं."

"शिकून नोकरी नाही लागली तर?"

नगर रस्त्याला पुढे कॉम्प्युटरच्या कंपन्या उभ्या राहणार हे ज्याला ठाऊक होतं त्याने तेव्हा जमिनी घेतल्या; हॅमरमनला कोण सांगायला येतो? सौरभ दोन दिवस कॉलेजचा फॉर्म उलटसुलट करत बसला. मग म्हणाला, "ठीक आहे पप्पा. पण पर्मनंट असेल तरच. पर्मनंट नसेल तर मी कॉलेजला जाणार."

"पर्मनंटच आहे! त्याशिवाय का मी कामावरून उठतोय?" दशरथ म्हणाला. तेवढ्यावर सौदा ठरला.

पोरगा हुशार. त्याने बापाला सोंग शिकवायला घेतलं. "पप्पा, कुणी हाक मारली तर वळायचं नाही. मागे काही पडलं तर दचकायचं नाही." दशरथ भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि सौरभ मागून हाका मारायचा, टाळ्या वाजवायचा. एकदा त्याने स्वयंपाकघरात पितळी परात आपटली. शेजारीण धावत आली, दशरथ ढिम्म. वळून बघतो तर मायलेक पोट धरून हसतायत. "पप्पा, कमाल! पापणी नाही हलली!" दशरथही हसला. परात कधी पडली ते त्याला कळलंच नव्हतं, पण आपलं लक्ष दुसरीकडे असेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

तपासणीच्या दिवशी त्याला टपरीएवढ्या काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर जाड डबे चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सौरभने पढवलं होतं, चार आवाजांना एकदा दाबा. अजिबात नाही दाबलंत तर संशय येईल. दशरथ सावध होऊन बसला. काचेपलीकडे पांढऱ्या कोटातली मुलगी खाली मान घालून बटणं फिरवत होती. ही बाई सुरू कधी करते, असं म्हणत दशरथ पहिल्या आवाजाची वाट बघत राहिला. अंगठ्याला घाम आला. शेवटी तिने दार उघडून डबे काढले.

"अहो बाई, सुरू तरी करा," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे जे बघितलं ते तो पुढे विसरला नाही. मग ती सावकाश तोंड हलवून म्हणाली, "काका, झालं. दोन्ही कान झाले."

डॉक्टर वयस्कर होते, सदाशिवपेठी तिरकस. त्यांनी त्याला समोर, उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि एकेक शब्द सुटा करून बोलले. "ओव्हाळ, तुम्ही सोंग करायला आलात हे मला माहीत आहे. या महिन्यात सगळे त्याचसाठी येतात. तुम्ही उगाच तसदी घेतलीत. तुम्ही गेली कित्येक वर्षं माणसांच्या तोंडाकडे बघून ऐकताय."

दशरथ बसने न जाता चालत निघाला. पेटी बेसूर नव्हती. पोरांना सूर कळत होता. रिक्षावाले हल्ली अंगावर गाडी घालतात म्हणून तो त्यांना शिव्या घालायचा, ते बिचारे हॉर्न वाजवून वाजवून थकत असणार. रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला आणि त्याला रडू आलं. आपण मोठ्याने रडतोय की हळू, हेही त्याला कळेना, म्हणून त्याने ते गिळून टाकलं.

घरी सौरभ दारातच उभा होता. "काय झालं, पप्पा?"

"काय व्हायचंय?" दशरथ हसत म्हणाला. "असा गंडवला डॉक्टरला! म्हणतो कसा, तुमचे दोन्ही कान गेले."

खरं सांगायला हरकत काय होती, असं कुणीही विचारील. पण डोकं चालवून कामावरून उठलेला माणूस घरात राजा असतो, आणि मोडून फेकलेला माणूस खाटेवर पडलेला असतो. ती खाट दशरथने पाहिली होती. राधाने त्या दिवशी शिरा केला. त्या दिवसापासून दशरथ दोन सोंगं करू लागला. बाहेर बहिऱ्याचं, जे खरं होतं. आणि घरात ऐकू येणाऱ्याचं.

उजेड असला की घरातलं निभायचं. चुकलं तर तो हसायचा आणि पोरगा समजायचा, पप्पा सराव करतायत.

कंपनीने दशरथला नालायक ठरवून कमी केलं, आणि एका बुधवारी सौरभला कंपनीच्या टाइम ऑफिसमध्ये बोलावलं. संध्याकाळी तो आला आणि जेवायला बसला तोच लाइट गेले. राधाने मेणबत्ती लावली आणि ठेवली ती सौरभच्या पाठीमागे, फळीवर. दशरथला समोर पोराच्या डोक्याची नुसती काळी आकृती दिसत होती. आकृती बोलू लागली, आणि बराच वेळ बोलली.

सौरभ सांगत होता की पर्मनंट करत नाहीयेत. वारसाला काम देऊ एवढंच कलमात आहे, असं साहेब म्हणाले. ते कंत्राटदाराच्या हाताखाली मिळेल. त्याने तिथून कॉलेजात जाऊन विचारलं होतं. फी शनिवारपर्यंत घ्यायला ते तयार होते. "पप्पा, तुमची जागा तर गेलीच, ती काही परत मिळत नाही. घर कसं चालवायचं ते बघू, मी संध्याकाळी काहीतरी काम करीन. पण तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी कंपनीत पाऊल टाकणार नाही. सोमवारी कामावर जाऊ की नको?"

आकृती थांबली. म्हणजे काहीतरी विचारलं होतं. दशरथने अंदाज केला. पोरगा टाइम ऑफिसमधून आलाय, तारीख मिळाली असणार. आणि "काय म्हणालास?" हे तर या घरात विचारता येत नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "जायचं. विचारायचं काय त्यात?"

राधा ताटावरून उठली आणि बाहेर गेली. लाइट सगळीकडचे गेलेत का ते बघायला गेली असेल, असं दशरथला वाटलं.

पुढचे काही दिवस राधा नवऱ्याशी बोलत नव्हती. ती बोलत नाही हे त्याच्या लक्षात यायलाच वेळ लागला. पोरगा पडेल चेहऱ्याने फिरत होता, पण हॅमरच्या भीतीने भल्याभल्यांचे चेहरे पडतात. शनिवारी दशरथने आपले जाड तळव्याचे बूट त्याला पॉलिश करून दिले. सांडशी कशी धरायची, पाय कुठे रोवायचे, बोळे खिशात न ठेवता कानात का घालायचे, हे सगळं त्याने कौतुकाने समजावलं. सौरभने बूट उचलून दाराशी नेऊन ठेवले.

सोमवारी फर्स्ट शिफ्टला दशरथ त्याच्याबरोबर गेला. नको म्हटलं तरी गेला. मोठ्या गेटमधून पासवाले आत जात होते. पलीकडे भंगाराच्या ढिगाजवळ एक लहान दार होतं, तिथे कंत्राटी माणसांची रांग लागायची. सौरभ सरळ त्या रांगेत जाऊन उभा राहिला. दशरथने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि मोठ्या गेटवर आणलं.

गेटवर हिंमतराव होते, फौजेतून आलेले, दशरथचे जुने स्नेही. ते काहीतरी म्हणाले. त्यांच्या मिशीखाली ओठ कधी दिसतच नसत. दशरथ म्हणाला, "ओव्हाळच्या जागी लागलाय. सोडा त्याला." हिंमतरावांनी मान हलवली, पुन्हा काहीतरी म्हणाले. दशरथने पुन्हा तेच सांगितलं. शेवटी हिंमतरावांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि परेडवर ओरडतात तसे ओरडले.

"आरं, तुजा पोरगा कंत्राटी हाय, दशरथ! पर्मनंट न्हाई! कंत्राटी!"

आत जाणारी शिफ्ट थांबून बघू लागली. दशरथच्या कानात तेवढं शिरलं. तो सौरभकडे वळला. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

आता लख्ख उजेड होता आणि पोराचा चेहरा समोर होता. एकेक अक्षर दिसलं. "सांगितलं होतं. बुधवारी. शनिवारपर्यंत फी भरली तर कॉलेजला जाता येईल, हेही सांगितलं. तुम्ही म्हणालात, विचारायचं काय त्यात."

दशरथला सगळं कळायला क्षणभर लागलं. त्याने पोराचे दोन्ही हात धरले. "मला ऐकू आलं नव्हतं रे," तो म्हणाला. "खरंच येत नाही. डॉक्टरला मी गंडवलं नव्हतं. मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही." लांबच्या लोकांनीही माना वळवल्या, म्हणजे तो ओरडला असणार.

सौरभने आजूबाजूला बघितलं. मग बापाकडे बघितलं. महिनाभर भिंतीकडे तोंड करून बसवून त्यानेच हे शिकवलं होतं. त्याने आपले हात हळूच सोडवून घेतले.

"पुरे, पप्पा," तो म्हणाला. "निदान माझ्यापुढे तरी हे सोंग नको."

आणि तो भंगाराच्या बाजूला गेला, रांगेत शेवटी उभा राहिला, आणि त्याची पाळी आल्यावर वाकून त्या लहान दारातून आत गेला.