खालून वाचायची यादी

माझ्या भाऊजींना गोदामात सगळे 'आधीमग' म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे. कुठलीही गोष्ट समोर आली की यांचा प्रश्न एकच, "आधी काय, मग काय?" घराला आग लागली तरी हा माणूस हेच विचारत बसेल, असं मी एकदा चिडून म्हणाले होते. तर ते शांतपणे म्हणाले, "विचारायलाच पाहिजे. आधी माणसं, मग कागद."

गोदाम औषधांचं आहे. भाऊजी तिथे एकतीस वर्षं माल रवाना करतात, आणि मी त्याच गोदामात बिलांच्या टेबलावर बसते. चार गाड्या, रोजची साठ-पासष्ट दुकानं आणि दवाखाने. कुठली गाडी आधी कुठे थांबेल, हे ठरवणं भाऊजींचं काम. मोठ्या इस्पितळाचं मागचं दार साडेआठला उघडतं, कोपऱ्यावरचा दुकानदार एक ते तीन झोपतो, बर्फाच्या पेटीतली इंजेक्शनं दहाच्या आत पोचायला हवीत, बाराच्या सुमाराला शाळेच्या रस्त्याला जायचं नाही. हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. मध्ये एका नव्या मॅनेजरने या कामासाठी कॉम्प्युटर आणला. त्याने पहिल्याच दिवशी गाडी बरोबर बाराला शाळेसमोर नेऊन उभी केली. त्यानंतर तो कॉम्प्युटर बंदच, वर कागदी कॅलेंडर ठेवलेलं असायचं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्याला चटकन कळत नाही. जो माल आधी उतरवायचा, तो गाडीत शेवटी चढवायचा, म्हणजे तो दाराजवळ येतो. म्हणून आमची यादी उलटी असते. वर शेवटचा थांबा, तळाला पहिला. माल भरणारा ती वरून वाचतो आणि ड्रायव्हर खालून. इतकी वर्षं हेच केल्यामुळे ते आमच्या अंगात मुरलंय. मी घरची सामानाची यादीसुद्धा खालून वाचते आणि दुकानदार माझ्याकडे बघत राहतो.

आता ताई. ती भाऊजींची बायको आणि माझी मोठी बहीण. घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात तिने आयुष्यभर जिने काढले. खरंच, जिनेच. बाकीचे लोक खोल्या काढायचे, आणि जिना आला की कागद ताईच्या टेबलावर. पायरी किती उंच, किती रुंद, वळणावर पाय कुठे पडेल. कुणाच्याही घरी गेली की आधी जिना बघायची आणि मग माणसं. अशा बाईचे गुडघे जावेत, याला काय म्हणावं! डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायचं सांगितलं आणि तारीखही दिली.

त्याच वर्षी भाऊजींची साठलेली रजा वाया जायची वेळ आली. ताई म्हणाली, "मला इटलीला जायचंय." इतकं स्पष्ट तिने लग्नानंतर काही मागितलेलं मला आठवत नाही. फ्लोरेन्सच्या मोठ्या चर्चवर विटांचा घुमट आहे. आत एक आणि बाहेर एक, असे दोन, आणि त्या दोघांच्या मधून वर जाणारा जिना आहे. चारशे त्रेसष्ट पायऱ्या. लिफ्ट नाही. शिकत असताना ताईने त्याचा उभा छेद कागदावर काढला होता. "तो जिना मला माझ्या गुडघ्यांनी चढायचाय," ती म्हणाली. "विकतच्या गुडघ्यांनी नाही."

डॉक्टर आधी हसले, मग म्हणाले, "चढा. पण जे चढायचं ते पहिल्या दोन-तीन दिवसांत. नंतर चालून चालून सूज येईल, मग माझ्या नावाने बोटं मोडू नका."

म्हणजे प्रश्न एकच होता. आधी काय, मग काय? आणि घरात त्या विषयातला सगळ्यात मोठा जाणकार बसलेला! भाऊजींनी आठ दिवस नकाशा मांडीवर घेऊन काढले. फ्लोरेन्स, व्हेनिस, रोम. गाड्या किती वाजता, कुठलं हॉटेल स्टेशनजवळ, कुठे पायऱ्या कमी. शेवटी एका कागदावर सुवाच्य अक्षरात यादी लिहिली आणि माझ्या हातात दिली. "प्रवास कंपनीतल्या बाईंना नेऊन दे. जसं लिहिलंय तसंच करायला सांग. इकडचं तिकडे नको."

मी यादी वाचली. सगळं बरोबर होतं. मी ती बाईंना नेऊन दिली आणि वर बजावलं, "जसं लिहिलंय तसंच हं. इकडचं तिकडे नको."

बाईंनी बिचारीने अगदी तसंच केलं.

पंधरा दिवसांनी सगळे कागद आले. मी, ताई आणि भाऊजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. ताईने चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि कागद टेबलावर ठेवून दिले. रोम चार दिवस. मग व्हेनिस तीन दिवस. घुमट चढायची वेळ नवव्या दिवशी सकाळी. तिकिटं अशी की काहीही बदलता येणार नाही.

"म्हणजे मी शेवटीच ना?" ताई म्हणाली.

यामागे काय काय होतं, ते मला माहीत होतं. लग्नानंतर दोघं समुद्रावर गेली, तेव्हा ताईला दीपगृह बघायचं होतं. भाऊजींनी ते शेवटच्या दिवशी ठेवलं आणि शेवटच्या दिवशी ते बंद होतं. पुढे प्रत्येक वेळी तेच. गोदाम, मग त्यांचे आईवडील, मग माझी दुखणी, मग शेजारी, आणि राहिलाच वेळ तर ताई. ती कधी बोलली नाही. मी मात्र बोलले आहे, पुष्कळदा, आणि चांगल्या खड्या आवाजात.

भाऊजी खुर्चीतून उठलेच. "अगं, मी फ्लोरेन्स आधी लिहिलं होतं!"

"कागद आहे की इथे." ताईने कागदांना टाचलेली यादी काढून त्यांच्यासमोर धरली. "तुमचंच अक्षर. रोम वर. फ्लोरेन्स तळाला."

"अगं, तळाचं आधी असतं!"

"कुणाच्या राज्यात?"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. कपाळ माझं! या माणसाने गाडी भरायची यादी लिहिली होती, आणि मी, बावीस वर्षं त्या गोदामात घालवलेली शहाणी, ती खालून वाचून "वा, सगळं बरोबर" म्हणून देऊन आले होते. मी ताईला सगळं सांगितलं. गाडी, दार, वरून भरणं, खालून उतरवणं. हातवारे करून सांगितलं. टेबलावरचे कप एकापुढे एक लावून दाखवलं.

ताईने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली आणि कप उचलून धुवायला नेले. तिला ते पटलेलं नव्हतं. बहीण भाऊजींना पाठीशी घालते आहे, असं तिला वाटलं. मी कुणाला पाठीशी घालणाऱ्यांतली आहे का?

भाऊजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. प्रवास कंपनीत स्वतः जाऊन आले, हात जोडून आले, काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी गोदामात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "आधी उतरवायचा माल चुकून आत गेला, तर आपण काय करतो?"

"ड्रायव्हरला शिव्या देतो," मी म्हणाले.

"नाही. पुढचा माल कमी करतो. आत जायला वाट ठेवतो."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. लागला तो रोमला गेल्यावर. मीही बरोबर होते, कारण या दोघांना परक्या भाषेत भांडता येत नाही आणि मला कुठल्याही भाषेत येतं. पहिल्या सकाळी मी बूट घालून, नकाशा घेऊन तयार झाले, तर भाऊजी म्हणाले, "तू फिरून ये. आम्ही चौकात बसतो."

"बसतो म्हणजे?"

"म्हणजे बसतो. हिचे पाय नवव्या दिवसापर्यंत वापरायचे नाहीत."

"तिचे नाहीत, तुमचे तर वापरा! हजारो मैल येऊन बाकावर बसणार?"

"हिच्या आधी मी काही बघणार नाही," असं म्हणून त्यांनी ताईच्या पाठीमागे उशी ठेवली. हॉटेलातली उशी, काखोटीला मारून आणलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवस, बरं का! रोममध्ये चार दिवस हा माणूस बाकावर बसला. गोदामात ज्याने खुर्चीला पाठ टेकलेली मी कधी पाहिली नाही, तो. मी उन्हातान्हात सगळे पडके खांब, सगळी रंगवलेली छतं बघून यायची, तर ही दोघं तिथेच, कारंज्यासमोर. पहिल्या दिवशी ताई गप्प होती. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा चौकात माल उतरवणाऱ्या एका गाडीवर दोघांची चर्चा रंगली होती. भाऊजींच्या मते ड्रायव्हरने गाडी चुकीच्या बाजूला लावली होती, आणि ताईच्या मते दुकानाच्या पायऱ्याच चुकीच्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताई खो खो हसत होती. कशाला, ते दोघांनीही मला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मी माझे फोटो दाखवायला काढले, तर "नंतर, नंतर" म्हणाले. मला राग आला आणि आतून बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

व्हेनिसला तर प्रश्नच नव्हता. तिथली बस म्हणजे बोट. ताईला बोटीत बसवायचं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायचं. पूल दिसला की भाऊजी म्हणायचे, "खालून छान दिसतो," आणि ताई मान डोलवायची. चढायचा विषयच नाही.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही त्या दगडी दारात उभे राहिलो. ताईने गुडघ्यांना पट्टे बांधले होते. सूज नव्हती. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर दुसऱ्या पेशंटला उदाहरण म्हणून सांगितलं असतं. ताई पुढे, तिच्यामागे भाऊजी, शेवटी मी. जिना असा अरुंद की समोरून माणूस आला की भिंतीला चिकटायचं. ताई दर वीस पायऱ्यांना थांबायची. मागच्या लोकांचा खोळंबा झाला की मी वळून बघायची, आणि मी बघितलं की लोक गप्प बसायचे. दोनशेच्या आसपास तिचा डावा पाय थरथरायला लागला. भाऊजी दोन्ही हात तिच्या पाठीमागे धरून उभे राहिले. ती भिंतीला हात लावून म्हणाली, "ही पायरी वरच्या पायरीपेक्षा बोटभर उंच आहे. आमच्या साहेबांनी कागद फाडून टाकला असता." आणि पुढे निघाली.

मग भिंत तिरकी झाली. आम्ही दोन घुमटांच्या मधोमध होतो. ताईने विटांवर तळवा टेकवला आणि तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले, आणि मी ते धापेवर ढकललं.

वर पोचायला सव्वा तास लागला. सगळं शहर खाली पसरलेलं, लाल छपरं, पलीकडे टेकड्या. भाऊजींचं लक्ष मात्र ताईच्या गुडघ्यांकडे. मग त्यांनी जिन्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"उतरायचं कसं?" ते म्हणाले. "मी येतानाचं धरलंच नाही. आमची गाडी परत येताना रिकामी असते."

ताई इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "आता मी सांगते. आधी पंधरा मिनिटं बसायचं. मग तुम्ही पुढे, मी तुमच्या खांद्यावर हात ठेवून मागे. ही सगळ्यात शेवटी, म्हणजे तिला लोकांवर ओरडता येईल."

"बरं," भाऊजी म्हणाले. कुणी दुसऱ्याने लावलेला क्रम त्यांनी मुकाट्याने मान्य केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला. ताईचा सगळा भार भाऊजींच्या खांद्यावर होता आणि ते एकेक पायरी मोजत, वाकून, सावकाश उतरत होते. खाली चौकात आलो, ताईला बाकावर बसवलं, आणि भाऊजी तिच्यासमोर जमिनीवरच बसले. एकाएकी त्यांना रडू आलं. चांगला साठीचा माणूस, भर चौकात, लहान मुलासारखा.

"मी तुला आधीच लिहिलं होतं गं," ते म्हणाले. "खरंच आधी लिहिलं होतं."

"माहीत आहे मला."

"तुला पटलं नव्हतं."

"घरी नव्हतं पटलं," ताई म्हणाली. "रोमला पटलं. तुम्ही काय रोम बघायला बसला होतात का त्या बाकावर?" तिने त्यांच्या खिशातून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. "पुसा ते डोळे. आणि उठा, मला काहीतरी गार प्यायचंय."

भाऊजी उठले, दोन पावलं गेले आणि परत येऊन ताईशेजारी बाकावर बसले. सरबताच्या रांगेत मी उभी राहिले.