गंधकाची काडी

आठवीत शाळा सुटली आणि मी सांगलीकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात लागलो. पुढे कोल्ड स्टोरेजच्या कामावर ग्वाल्हेरला आलो. ते काम संपलं, आणि कोणत्या तोंडाने घरी जायचं म्हणून तिथल्या दाणा ओळी भागातल्या खोलीत बसून होतो. तेव्हा मॅडमनी बोलावलं. जयेंद्रगंजातल्या मराठी घरातल्या, इंजिनियर. त्यांच्या शेडमध्ये अमोनिया तापवून त्यातून हायड्रोजन वेगळा काढायचा प्रयोग चालायचा. हायड्रोजन नुसता वाहून नेणं अवघड. अमोनिया टाकीत भरून कुठेही नेता येतो, म्हणून ही खटपट. शिकलेले त्यांच्याकडे पुष्कळ होते, पण अमोनिया रोज हाताळलेला कोणी नव्हता. "पढाईचं मी बघते," त्या म्हणाल्या, "तुम्ही फक्त हात द्या."

पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, शेडमध्ये आग आणायची नाही. आठवड्याने पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा मी मान हलवली.

पण कारखान्यात गळती शोधायची आमची एकच रीत. गंधकाची काडी पेटवायची, जोडाजोडावरून फिरवायची. पांढरा धूर दाटला की तिथे गळती. एका दुपारी नाकाला अमोनिया झोंबला आणि हात आपोआप पिशवीत गेला. हायड्रोजनच्या नळीपासून दोन हातांवर मी जळती काडी धरून उभा होतो. दारातून मॅडम बोलल्या, आवाज अगदी हळू. "काडी घेऊन बाहेर या. भागू नका, चालत या."

गळती अमोनियाच्या बाजूला होती, हायड्रोजनचा जोड घट्ट होता, म्हणून मी हे लिहायला उरलो.

मॅडमच्या वरच्या मोठ्या साहेबांनी काम बंद करवलं. मॅडमनी अहवालात लिहिलं, "कामगाराला सूचना द्यायची राहून गेली, चूक माझी." मी शेजारीच उभा होतो. नोकरी जाईल या भीतीने गप्प बसलो. मग कानावर आलं की प्रयोग त्यांच्याकडून काढून घेणार. त्याच दिवशी त्यांच्या घरून माझ्यासाठी खिचडीचा डबा आला. मी ती खाल्ली, हेही सांगायला हवं.

चार दिवस झोप धड लागली नाही. शेवटी खरं काय ते मराठीत लिहून साहेबांपुढे ठेवलं. त्यांना मराठी नीट कळेना, म्हणून कागद मॅडमच्याच हातात दिला. त्या हिंदीत वाचून दाखवू लागल्या. सूचना दोनदा दिली होती, या ओळीवर आल्या आणि ती सोडून सरळ पुढची ओळ वाचू लागल्या.

एवढी हिंदी मला आता येत होती.

"साहब," मी म्हणालो, "मॅडमने एक लाइन छोड़ दी है. दो बार मना किया था मुझे."

मॅडमनी कागद खाली ठेवला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.